परत आलेल्या पत्रांचे पाच दिवस

२६ डिसेंबर २००६. तैवानच्या दक्षिणेला समुद्रात भूकंप झाला आणि तळाशी शेजारी-शेजारी टाकलेल्या अनेक केबल एकाच वेळी तुटल्या. पूर्व आशियाचं इंटरनेट कित्येक दिवस रखडलं. भारताचा पश्चिमेकडचा रस्ता असाच चिंचोळा होता: मुंबई, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र. तेरा महिन्यांनंतरही तो तसाच होता.

३० जानेवारी २००८, बुधवार, सकाळी १०.०० (सर्व वेळा भारतीय). अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ ही केबल तुटली. दिल्लीला समुद्र नाही, तरी ही तूट तिच्याही वाटेवरची होती. गुडगाव-नोएडातून युरोपकडे निघालेली बरीचशी इ-पत्रं जमिनीवरच्या तारांनी मुंबई गाठतात आणि तिथून पाण्यात उतरतात.

११.०० हुतात्मा दिनाचं दोन मिनिटांचं मौन. इंटरनेट चालू होतं. फ्लॅग ही दुसरी केबल शाबूत होती. एक तुटली तर दुसरी आहे, या भरवशावर साडेतीन तास गेले.

१३.३० अलेक्झांड्रियापासून ८.३ किलोमीटरवर फ्लॅगही तुटली. त्या मार्गावर आता उरली जुनी, कमी क्षमतेची सी-मी-वी-३. भारताची बँडविड्थ ५० ते ६० टक्क्यांनी घटल्याचं इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने सांगितलं.

इथूनच मेल सर्व्हरचं घड्याळ सुरू झालं. पलीकडचा सर्व्हर सापडला नाही तर पत्र लगेच परत करायचं नाही. ते रांगेत ठेवायचं, निदान अर्ध्या तासाच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करायचा आणि चार-पाच दिवसांनी नाद सोडायचा, असा नियम आहे. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या सेंडमेल या मेल सर्व्हर प्रोग्रामच्या मूळ सेटिंगमध्ये दोन आकडे असतात. चार तासांनी सूचना, पाच दिवसांनी परतावा.

१५.०० पत्रं आणण्याच्या बाजूलाही अडचण होती. पॉप-३ या पद्धतीने पत्रं उतरवताना ती सर्व्हरवरून पुसली जातात ती अगदी शेवटी, निरोप घेताना. मधेच जोडणी तुटली तर काहीच पुसलं जात नाही. दहा पत्रं उतरली, अकराव्या जड पत्राला टाइमआउट झाला, की काही प्रोग्राम पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. तीच दहा पत्रं दुसऱ्यांदा इनबॉक्समध्ये, अकरावं तिथेच अडकलेलं. टाइमआउट वाढवणं, किंवा मोठी पत्रं वगळून बाकीची आधी उतरवणं, हा उपाय दोन मिनिटांचा होता.

१७.३० ज्या कचेऱ्यांचे सर्व्हर मूळ सेटिंगवर होते, तिथे चार तास अडकलेल्या पत्रांच्या सूचना पाठवणाऱ्यांकडे आल्या. विषयात लिहिलेलं: चार तासांत पत्र पाठवता आलेलं नाही. आत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ही केवळ सूचना आहे, पत्र पुन्हा पाठवण्याची गरज नाही. मजकूर इंग्रजीत, भोवती यांत्रिक तपशिलाच्या ओळी. माणूस विषय वाचतो आणि पत्र गेलं नाही एवढंच समजतो. मला या सगळ्या घटनाक्रमात ‘पुन्हा पाठवण्याची गरज नाही’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. इशारा दिलेला होता, स्पष्ट शब्दांत.

१७.४० अशा वेळी माणूस तेच पत्र पुन्हा पाठवतो. पाच एमबीची जोडफाइल पाठवताना एक तृतीयांशाने फुगते. पहिली प्रत रांगेत होतीच; दुसरी तिच्या मागे उभी राहते. निम्म्यावर आलेल्या वाटेवर दुप्पट ओझं. शिवाय दुसऱ्या प्रतीचे पाच दिवस वेगळे मोजले जातात. ते १७.४० पासून.

१९.३० न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ. एनसीआरमधल्या, म्हणजे दिल्ली-गुडगाव-नोएडा परिसरातल्या, अमेरिकेसाठी काम करणाऱ्या कॉल सेंटरांची मुख्य पाळी.

३१ जानेवारी. काही कंपन्यांनी वाहतूक पूर्वेकडून वळवली. बरीच पत्रं सुटली, तीही प्रतींसकट. ज्यांचा मुक्कामच इजिप्तसारख्या तुटलेल्या देशात होता, ती रांगेतच राहिली. त्या रात्री रांगेची मुदत पाचऐवजी दहा दिवस करणं शक्य होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ.

१ फेब्रुवारी, शुक्रवार, ११.२९. दुबईपासून ५६ किलोमीटरवर फाल्कन केबल तुटली. तिथे पुढे पाच टनांहून जड, सोडून दिलेला नांगर सापडला.

२ आणि ३ फेब्रुवारी. शनिवार-रविवार. सर्व्हर दर फेरीला प्रयत्न करत राहिले.

४ फेब्रुवारी, सोमवार, १३.३०. ज्या पत्रांना पाच दिवसांत एकदाही वाट मिळाली नाही, त्यांची मुदत संपू लागली. परत आलेल्या पत्रावर सांकेतिक आकडा ४.४.७. आरंभीचा ४ म्हणजे तात्पुरता दोष. पत्ता चुकीचा असता तर तिथे ५ असता. आकडा न बघणारा पत्ता तपासत बसतो.

१७.४० दुसऱ्या प्रतीचा बाउन्स, म्हणजे परतावा. तिसरी प्रत पाठवली असेल तर तिचाही, तिच्या वेळेला. पत्र एक, नकार तीन.

बाहेरून एनसीआरकडे निघालेल्या पत्रांचे बाउन्स तिकडच्या पाठवणाऱ्यांना गेले. इथल्या इनबॉक्समध्ये त्याची खूण उमटली नाही. आणि पाठवणाऱ्यापर्यंतही न पोचलेले बाउन्स पोस्टमास्टरच्या, म्हणजे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या, खात्यात साठले. ते खातं बहुतेक कचेऱ्यांत कुणी उघडत नाही.

१० फेब्रुवारीपर्यंत या केबल जोडून झाल्या. १९ डिसेंबर २००८ रोजी सिसिली आणि ट्युनिशियाच्या दरम्यान तीन केबल पुन्हा तुटल्या. त्यांत सी-मी-वी-४ होती, फ्लॅग होती आणि जानेवारीत वाचलेली सी-मी-वी-३ सुद्धा.