ब्रासभर खडी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ते तात्या, माझे थोरले चुलते. १९५४ साली माण तालुक्यातून ते साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक घोंगडी आणि मॅट्रिक पास झाल्याचा कागद होता. फीचं काय, खाणावळीचं काय, याचं उत्तर घरातल्या कोणाकडेच नव्हतं. छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे एवढंच गावच्या मास्तरांनी सांगितलेलं. तिथं कुणीतरी विचारलं, काम काय येतं? तात्या म्हणाले, विहिरीचं. त्या वर्षी माणात पाऊस नव्हता आणि बाप-लेक मिळून विहीर खोल करत होते, त्यामुळे उत्तर खोटं नव्हतं. पण कॉलेजात शिरताना कुणी आपल्या अंगातल्या कामाची चौकशी करील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ‘मला वाटलं इथं इंग्रजी विचारतील,’ असं ते अजून सांगतात.

साताऱ्याच्या म्हाताऱ्यांजवळ बसलं की कर्मवीर भाऊराव पाटलांची, म्हणजे त्यांच्या अण्णांची, एक तरी गोष्ट ऐकायला मिळतेच. पांढरी दाढी, मोठा आवाज, आणि गोष्टीच्या शेवटी सांगणाऱ्याच्या पाठीवर पडलेली थाप. असल्या पाठीवरच्या थापा इतक्या आहेत की अण्णांना दुसरं काम करायला वेळ कधी मिळाला असेल, असा प्रश्न पडावा. म्हणून मी त्या बाजूला ठेवते आणि माणसं स्वतःच्या हातांबद्दल काय सांगतात तेवढंच ऐकते.

तात्यांच्याही आधी आमचे एक चुलत आजोबा साताऱ्याला राहून आले होते. ते कॉलेजात नव्हते. १९३० नंतरच्या काळात धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात राहून शाळा शिकले. भाऊरावांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या उपस्थितीत तिथल्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जी वसतिगृहं उभी केली ती बहुतेक एकेका जातीची होती: मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. त्यात व्यवहार होता. आपल्या जातीचं म्हटलं की देणगी सुटे आणि आईबापही पोराला पाठवायला धजत. भाऊराव स्वतः विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले, आणि शिस्तीवरून खटके उडाल्यावर तिथून बाहेर पडलेले. साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली, आणि एका चुलीवर.

खरी मेख त्या चुलीत होती. छप्पर एक असलं तरी चार कोपरे चौघांना वाटून घेता येतात. चुलीचं तसं नाही. दळायचं, पाणी भरायचं, पीठ मळायचं, भाकरी थापायची, भांडी घासायची, आणि हे सगळं पाळीपाळीनं. चुलत आजोबा सुट्टीत घरी आले तेव्हा त्यांच्या आईनं विचारलं होतं, ‘कुनाच्या हातचं खातोस रं तिथं?’ त्यांनी सांगितलं, ‘ज्याची पाळी असंल त्याच्या.’ माऊली दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं की तुझी पाळी असते तेव्हा भाकरी जमती का. आजोबांनी परात पुढे ओढून थापून दाखवली. आमच्या घरात पुरुषानं भाकरी थापल्याची ही पहिली नोंद. जातीवरचं एकही व्याख्यान त्या घरात कधी पोचलं नव्हतं. भाकरी मात्र पोचली, आणि ती गोल होती.

आज ‘श्रमाचे संस्कार’ असं भारदस्त नाव देऊन या सगळ्याचा गौरव होतो. मला वाटतं, सुरुवात संस्कारापेक्षा हिशेबातून झाली. पोरं वाढली, कोठार रिकामं झालं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट साताऱ्याच्या घराघरांत सांगतात. त्यागाची म्हणून सांगतात ते बरोबरच आहे. पण सोनं एकदाच मोडता येतं, आणि पोरांना रोज दोनदा भूक लागते. म्हणजे धान्य मागा, आणि मागून पुरत नसेल तर पिकवा. हे पिकवणारे हात शिकायला आलेल्या पोरांचेच असणार होते. तत्त्व मागाहून आलं, आणि येऊन घट्ट बसलं.

मागण्याची कला भाऊराव कुठं शिकले हेही पाहण्यासारखं आहे. त्यांची स्वतःची शाळा मॅट्रिकपर्यंतही गेली नाही. संस्था निघण्याआधी ते साताऱ्यात शिकवण्या घेत, पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी हिंडले. लोखंडानं जमिनीत विष उतरतं असं मानणाऱ्या शेतकऱ्याला नांगर विकायचा म्हणजे त्याच्या बांधावर बसून त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, मग आपलं सांगायचं. जिल्ह्यातलं कुठलं गाव कशानं अडलंय आणि कुणाच्या शब्दाला वजन आहे, हे त्या फिरतीत त्यांना कळलं असणार. पुढे त्याच बांधांवर त्यांनी मूठमूठ धान्य आणि शाळेला जागा मागितली. काम करता करता शिकलेल्या माणसानं काढलेली संस्था होती ती. कामाला शिक्षणाच्या दाराबाहेर उभं करणं तिला जमलंच नसतं.

१९४७ साली संस्थेचं शिवाजी कॉलेज निघालं. पुढच्याच वर्षी, भाऊरावांच्या सरकारवरच्या टीकेमुळे, मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं खरं, पण दुसऱ्याच्या पैशावर किती भिस्त ठेवायची याचा अंदाज तेव्हाच आला. तात्या पोचले तेव्हा घाम गाळणं हा तिथला रिवाज झाला होता. ‘कमवा आणि शिका’ योजनेचे प्रमुख होते एन. डी. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे पुढे गाजलेले नेते. त्या वेळी ते पंचविशीतले प्राध्यापक होते.

तात्यांना पहिल्यांदा मिळालं पाण्याचं काम. रात्री दारं धरायची. एक वाफा भरला की खोऱ्यानं बारं फोडून पाणी दुसऱ्यात सोडायचं. मधल्या वेळात कंदिलाशी पुस्तक. वाफा भरायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात इंग्रजीचं एक पान व्हायचं. जमीन तहानलेली असली तर दीड. त्यांच्या त्या पुस्तकांपैकी एक मी पाहिलंय. कडेला अंगठ्याचे मातकट ठसे आहेत, आणि ते मधेच संपतात. तिथून पुढे तात्या झोपले असावेत.

मग बांधकामावर खडी मोजायचं काम आलं, आणि तात्यांच्या मते त्यांचं खरं कॉलेज तिथं सुरू झालं. खडी ब्रासवर मोजतात. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ढीग चौकोनी लावून घ्यायचा, टेप धरायचा, लांबी-रुंदी-उंची गुणून शंभरानं भागायचं. चौथीतल्या पोराचं गणित. तात्यांनी एक ढीग मोजला, वहीत लिहिला, मुकादमाचा अंगठा घेतला. देखरेखीच्या सरांनी येऊन काहीच न बोलता पहार उचलली आणि ढिगात घातली. अडखळायला हवी होती, ती सरळ आत गेली. खाली मोठाले धोंडे आडवेतिडवे टाकून पोकळी ठेवलेली, वर खडीचा थर. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, उंची बरोबर, आणि माल पाऊण.

‘गुणाकार चुकला नव्हता,’ तात्या सांगतात. सरांनी त्यांना रागावलं नाही. एकच विचारलं: खडी फोडणाऱ्या बायकांना मुकादम कशावर पैसे देतो? तात्या जाऊन विचारून आले. मुकादम बायकांकडून पाट्या मोजून घेत होता, शीग लावून, आणि संस्थेला ढीग मोजून देत होता, पोकळी ठेवून. दोन्ही मापं त्याच्याच हातची. त्या आठवड्यात अर्थशास्त्राच्या तासाला मजुरी कशी ठरते हे चालू होतं. मागणी, पुरवठा, दोन रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू. माणमधला, तोवर वर्गात तोंड न उघडलेला हा मुलगा उठला आणि म्हणाला, सर, पण माप कुणी घ्यायचं? प्राध्यापक थबकले. मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि उरलेला तास त्यावर घालवला.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटतात ते सर. त्यांनी नुसती पहार घातली असती तर तात्या लबाडी ओळखायला शिकले असते, आणि कदाचित करायलाही. त्यांनी बायकांकडे पाठवलं. काम आपोआप शिकवतं यावर माझा विश्वास नाही. खडी फोडणाऱ्या त्या बायकांनी आयुष्यभर काम केलं, त्यांना कुणी पदवी दिली नाही. काम आणि वर्ग यांच्यात ये-जा करणारं कुणीतरी लागतं. संध्याकाळी ‘आज काय केलंस’ म्हणून विचारणारं, आणि उत्तर ऐकायला थांबणारं.

दुसरी बाजू तात्या स्वतःहून सांगत नाहीत, विचारावी लागते. सकाळी कुदळ मारून दुपारी तर्कशास्त्राच्या तासाला बसलं की निम्मे डोळे मिटलेले. त्यांच्या खोलीतला एक मुलगा पहिल्याच वर्षी परत गेला. अंगानं किरकोळ होता, दम लागायचा. अभ्यासात तात्यांपेक्षा पुढं होता म्हणे. त्याचं पुढे काय झालं तात्यांना ठाऊक नाही. आपल्याकडे श्रमाचं गुणगान गातात ते टिकलेले लोक. जे गेले त्यांना समारंभाचं आमंत्रण नसतं.

तरी टिकलेल्यांची यादीही मोठी आहे. या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. कोल्हापूरच्या त्या विद्यापीठानंही आपल्या विद्यार्थी भवनातून हीच रीत चालवली. पुणे विद्यापीठानं तर योजनेला भाऊरावांचंच नाव दिलं.

त्या पुण्याच्या योजनेत माझी धाकटी आत्या होती, १९८० नंतरच्या काही वर्षांत. तिच्या वाट्याला माती आली नाही, ग्रंथालय आलं. दाखल नोंदवहीत क्रमांक चढवायचे, पुस्तकांच्या पाठीवर चिकटपट्ट्या लावायच्या. ती म्हणते, पहिले काही महिने मी फक्त डिंक शिकले. मग पुस्तकं वर्गवार लावताना तिला आकडे पाठ होऊ लागले. ६३० म्हणजे शेती, ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. माणातल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की जगातलं सगळं ज्ञान कुणीतरी दहा खणांत बसवलंय, आणि तिची भाषा त्यात दशांशचिन्हाच्या पलीकडे आहे. याचा तिला राग आला. त्या रागानं तिनं ८९१.४६ चं कपाट वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. ती वाणिज्य शाखेची होती. परीक्षेला त्यातलं काही आलं नाही. घरी मात्र तिच्याकडे थोडं आदरानं बघत ते मुख्यतः महिन्याच्या मनीऑर्डरमुळे. आपल्या पैशातून धाकट्या भावाची फी भरणारी मुलगी लग्नाच्या बोलण्यात ‘मला विचारा’ असं म्हणू शकते. हे शिक्षण कुठल्या खणात बसतं मला माहीत नाही.

आता माझा भाचा पुण्यात शिकतो. नव्या शैक्षणिक धोरणानं प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक दिलेत. कल्पना चांगली आहे, भाऊरावांनी मान डोलावली असती. भाच्यानं एका कचेरीत काही आठवडे काढले. तिथं त्याला कोपऱ्यात बसवलं, कुणी काम दिलं नाही, शेवटी छापील प्रमाणपत्र मिळालं. त्याचा अहवाल मी वाचला. त्यात ‘संघभावना’ हा शब्द अनेकदा आहे. हाच मुलगा रोज संध्याकाळी सातनंतर मोटरसायकलवरून लोकांच्या घरी जेवणाचे डबे पोचवतो. त्याचे श्रेयांक नाहीत. कॉलेजात तो हे कुणाला सांगतही नाही.

दिवाळीत गावी आला तेव्हा तात्यांनी त्याला जवळ बसवलं. तात्या आता नव्वदीला टेकलेत, कान एकच चालतो. ‘तू करतोस काय?’ भाच्यानं कचेरीचं सांगायला घेतलं. ‘ते नव्हं. रात्री.’ आईनं चहाडी केली होती तर! भाचा ओशाळला, पण सांगू लागला. एका ऑर्डरमागे किती, पावसात किती जास्त, तारे कमी पडले की काय होतं. तात्यांनी वही मागितली. पेट्रोल वजा केलं. टायर धरलास का? नव्हता धरला. ऑइल? चेनस्प्रॉकेट? गाडी तुझीच ना, मग झीज कुणाची? भाचा भराभर वजाबाकी करत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. पण हात थांबला नाही, कारण आकडे त्याचे होते.

‘अंतर कोण मोजतं?’

‘ॲप.’

‘पैसे कोण मोजतं?’

‘ॲपच.’

‘आणि हॉटेलाच्या दारात उभा असतोस तेवढा वेळ?’

भाच्यानं फोन काढला, महिन्याभराच्या नोंदी वर सरकवल्या, परत खाली आणल्या. त्यात उभं राहण्याचा रकाना नव्हता. तात्यांनी पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘मग तो आधी आख.’