धावणाऱ्याच्या मागचे दहा मीटर

एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरत होतं, आठवतंय? एक माणूस पुढे धावतोय, दुसरा त्याच्या मागे, आणि मधे रंगीत ठिपक्यांची लांब शेपटी. खाली मजकूर : दीड मीटर अंतर पुरत नाही! मी तेव्हा एम.ए.ला होतो. चित्र पाहिलं आणि लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं. मूळ लेख वाचला नव्हता.

आज साथीच्या काळातले नियम हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे, म्हणून ते चित्र आता ‘साधन’ म्हणून वाचावं लागतं. तुम्हीही कधीतरी असं साधन हातात घ्याल. तेव्हा निदान तीन प्रश्न विचारा.

पहिला : मूळ अभ्यासाचा प्रश्न काय होता? चित्र बेल्जियम-नेदरलँड्समधलं. बर्ट ब्लॉकेन हे सायकलपटूंभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे अभियंते. त्यांच्या गटाने संगणकावर सिम्युलेशन केलं : पुढच्याच्या तोंडातून उडालेले थेंब मागच्यापर्यंत पोचतात का? वारा पूर्ण थांबलाय असं गृहीत धरलं होतं. निष्कर्ष असा, की कोणाच्या बरोबर मागून चालत असाल तर चार-पाच मीटर, धावत असाल तर दहा मीटर अंतर ठेवा. शेजारून किंवा तिरकं गेलात तर धोका कमी. म्हणजे अभ्यास थेंबांचा होता. त्या थेंबांत किती विषाणू, ते किती काळ टिकतात, त्यातून आजार होतो का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. लोकांनी मात्र ते ‘लागण होते’ असं वाचलं. मीसुद्धा.

दुसरा : ते कोणत्या टप्प्यावर बाहेर आलं? समीक्षण होण्याआधीच. ब्लॉकेन यांचं म्हणणं होतं, की साथ चालू असताना महिनोन्‌महिने थांबणं बरोबर नाही. टीकाकार म्हणाले, यात विषाणूतज्ज्ञ कुठे आहेत? मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात. आणि गंमत बघा, त्याच महिन्यात चिनी संशोधकांचा उलट दिशेचा अभ्यासही समीक्षणाआधीच आला. हुबेई प्रांताबाहेरच्या ७,३२४ रुग्णांच्या नोंदींत उघड्यावर लागण झाल्याचा एकच प्रसंग सापडला, त्यात रुग्ण दोन. पण हा काळ ऐन थंडीचा, आणि रस्त्यावरची लागण शोधणं घरातल्यापेक्षा अवघड. सोयीचा निष्कर्ष आला म्हणून तपासणी सैल करायची नाही.

तिसरा : तारखा जुळतात म्हणून कारण जुळतं का? ८ एप्रिलपासून पॅरिसमध्ये सकाळी १० ते संध्याकाळी ७ धावायला बंदी झाली. चित्रही त्याच आठवड्यातलं. ‘चित्रामुळे बंदी आली’ असं लिहायचा मोह होतो. पण बंदीचं दिलेलं कारण बाहेर पडणाऱ्यांची गर्दी हे होतं. शेजारी-शेजारी घडलेल्या गोष्टी एकमेकींचं कारण असतातच असं नाही.

आपल्याकडे ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात मैदानं, बागा, समुद्रकिनारे चालण्या-धावण्यासाठी उघडले. एकत्र जमून व्यायाम करायला परवानगी नव्हती. नियम कडक होता, पण बाहेर पडायला वाट होती.

आमचे बाबा मात्र पडले नाहीत. त्यांना मधुमेह आहे, रोजचं चालणं औषधाइतकंच गरजेचं. मी म्हटलं, “बाबा, आता परवानगी आहे, मैदान रिकामं असतं.” ते म्हणाले, “तूच तर ते चित्र पाठवलं होतंस ना?” दिवाळीपर्यंत ते घरातच होते आणि साखर वाढत गेली.

चित्र चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्याने एका छोट्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. प्रश्न वाटेत गळून पडला आणि उत्तर तेवढं आमच्या घरी पोचलं. म्हणून आता कुठलाही पेपर वाचताना मी आधी वहीत त्याचा प्रश्न माझ्या शब्दांत लिहितो. तो लिहिता येईपर्यंत निष्कर्षाला हात लावत नाही. करून बघा.