नाथांच्या भारुडातले भूत

जपानच्या हिरोयुकी ताकेई यांची 'शामन किंग' ही अंगात आत्मे घेणाऱ्या शामनांची मांगामालिका १९९८ मध्ये सुरू झाली. २००१ आणि २०२१ मध्ये तिच्यावर ॲनिमे निघाले. अंगात येण्याचे असे कलारूपांतर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणला सोळाव्या शतकातच झाले होते. संत एकनाथांनी गोंधळ, जोगवा, भुत्या भारुडात आणले. जोगव्याची परडी त्यांनी बोधाने भरली. झपाटणारे भूत म्हणून खुद्द देवच उभा केला. ही निव्वळ थट्टा होती, असा आक्षेप येईल. नवसाच्या भारुडात नाथ बोचरी थट्टा करतातही. पण थट्टाच करायची, तर देवाला भुताचे सोंग कशाला द्यायचे? झपाटले जाण्यातली ताकद नाथांनी ओळखली होती. विधीचा साचा तोच ठेवून त्यांनी ती भक्तीकडे वळवली.