काजळी-गाळणीचे रिजनरेशन (छोटी बांधकामयंत्रे)

मिनी एक्सकॅव्हेटर, स्किड स्टीअर लोडर यांसारख्या छोट्या यंत्रांच्या डिझेल इंजिनातून निघणारी काजळी धुराच्या नळीतील गाळणीत अडवली जाते. साठलेली काजळी जाळून गाळणी मोकळी करणे म्हणजे रिजनरेशन. अमेरिकेतील टिअर ४ फायनल (१९ ते ५६ किलोवॅट गटासाठी २०१३) आणि युरोपातील स्टेज ५ (२०१९पासून) या नियमांमुळे ही गाळणी रूढ झाली. भारतात बांधकामयंत्रांना सीईव्ही स्टेज ५ हे निकष १ जानेवारी २०२५पासून लागू झाले. १९ किलोवॅटखालील इंजिनांना अमेरिकी मर्यादा सैल असल्याने अनेक उत्पादक मुद्दाम १८.५ किलोवॅटच्या आसपास थांबतात.

गाळणी सच्छिद्र सिरॅमिकची असते. तिच्या शेजारशेजारच्या नळ्या आलटूनपालटून एका टोकाला बंद असल्याने धुराला भिंतीतून झिरपावे लागते. यंत्र जोरात चालत असेल, तर सुमारे ३०० अंश सेल्सिअसला नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी आपोआप जळत राहते. हलक्या कामात धूर तेवढा तापत नाही. मग नियंत्रक संगणक कॉमन रेल या इंधन-यंत्रणेतून उशिराने जादा इंधन सोडतो. ते गाळणीच्या आधी बसवलेल्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमध्ये जळून तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते.

यंत्र तासन्‌तास रिकामे चालू ठेवणे हा गाळणी तुंबण्याचा मोठा मार्ग. इशाऱ्याचा दिवा लागताच ऑपरेटरने यंत्र मोकळ्या जागी, सुक्या गवतापासून दूर उभे करून रिजनरेशन पुरे होऊ द्यावे. ते वारंवार अर्धवट सोडल्यास इंधन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलमधील धातूंची राख मात्र जळत नाही; त्यासाठी कमी राखेचे ऑइल वापरावे लागते आणि काही हजार तासांनी गाळणी उतरवून साफ करावी लागते.