राजाचें पदक आणि गांवाचा बहिष्कार

दापोलीजवळील मुरुड हें समुद्रकांठचें गांव महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या नांवानें महाराष्ट्रास परिचित आहे. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या बालविधवेशीं विवाह केला, तेव्हां याच गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला. पुढें १९५८ सालीं, वयाचें शतक पुरें झालें त्याच वर्षीं, त्यांस ‘भारतरत्न’ मिळालें. मनुष्य एकच, मग मानापमानाचें खरें मोल ठरवावयाचें कशावरून?

इंग्रजी अमलांत या प्रश्नास धार होती. प्रजेस जाब देण्याचें बंधन नसलेल्या सरकारास प्रजेच्या मान्यतेची खूण हवी असते. रावसाहेब, रावबहादूर या पदव्या त्या कामीं येत. १९०० सालीं त्यांत ‘कैसर-इ-हिंद’ पदकाची भर पडली. मात्र पदकधारी तेवढा खुशामत्या, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पंडिता रमाबाईंस १९१९ सालीं हेंच पदक मिळालें. त्यांची अनाथसेवा तत्पूर्वींच सिद्ध झालेली होती. दोष सेवेचा नव्हे. ज्या हातानें पदक दिलें, त्याच हातानें १९०८ सालीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेस धाडलें, हें विसरतां येत नाहीं.

म्हणून पदक घेणाऱ्याची परीक्षा पुढें होते. रत्नागिरी जिल्ह्यांतल्याच कोतळूकचे गोखले यांनीं १९०४ सालीं सी. आय. ई. ही पदवी स्वीकारली, परंतु १९१४ सालीं ‘सर’ होण्याचें नाकारलें. गांधींस १९१५ सालीं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालें होतें. तें त्यांनीं १ ऑगस्ट १९२० रोजीं परत केलें. त्याच दिवशीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें अठराव्या कलमान्वयें पदव्या बंद केल्या. राष्ट्रीय सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, तेव्हां ते नांवामागेंपुढें लावूं नयेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं स्पष्ट केलें. हा भेद मोलाचा आहे. कारण लोकनियुक्त सरकारासही भाट आवडूं शकतात.

मुरुडचा बहिष्कार हेंही एका परीनें पदकच होतें, मात्र उलट्या बाजूचें. देणारी सत्ता तशीच बेजबाबदार होती, आणि अपेक्षाही तीच: मुकाट्यानें मान लवविणें. कर्व्यांनीं ती लवविली नाहीं. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. हें सारें सन्मानाच्या कितीतरी आधीं, बहिष्काराच्या छायेंत घडलें. ज्याचें काम पदकाविना उभें राहतें, त्यालाच पदक घेण्याचा आणि प्रसंगीं परत करण्याचा अधिकार पोंचतो.