एका वाड्यातली बिऱ्हाडे

गेल्या दिवाळीत मी सांगलीला ताईकडे गेलो होतो. भाच्याचा लहानसा छापखाना आहे. माडीवरच्या खोलीत तीन सर्व्हर घरघरत असत: एकावर जमाखर्च, दुसऱ्यावर छपाईच्या फायली, तिसऱ्यावर टपाल. त्यांतल्या जमाखर्चाच्या सर्व्हरची डिस्क कुरकुरू लागली होती. त्यावरचा प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ निवर्तले होते, आणि मूळ तबकडीही सापडत नव्हती. डिस्क गेली असती, तर बारा वर्षांची उधारी बुडाल्यातच जमा!

"मामा, यंत्र राहू दे, आतले बिऱ्हाड तेवढे हलवायचे," भाचा म्हणाला.

मी पडलो शाळामास्तर. पण बिऱ्हाड म्हणताच माझ्या लहानपणीचा पुण्यातला वाडा आठवला. आड एक, दिंडी एक. तरी प्रत्येक बिऱ्हाडाचा संसार स्वतंत्र.

ही कल्पना नवी नव्हे. 1964 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज येथे, आयबीएमच्या रॉबर्ट क्रीसी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला हात घातला. संगणक तेव्हा इतका महाग, की एकट्याला देणे परवडेना. म्हणून एक 'कंट्रोल प्रोग्रॅम' मालकासारखा बसवला आणि प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपलेच असल्याचा भास करून दिला. 1967 साली ते वापरात आले. 1972 साली आयबीएमने व्हीएम/370 जाहीर केले.

पुढे संगणक स्वस्त झाले. जो तो स्वतंत्र बंगला बांधू लागला, आणि बहुतेक बंगले दिवसभर रिकामे! वाड्याकडे परतावे, तर इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसर आडवे आले. पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी 1974 साली सांगितलेली अट ते पाळीत नसत. भाडेकरूच्या काही आज्ञा मालकाला न कळताच पार पडत. 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती काढली आणि 2001 साली सर्व्हरसाठी ती बाजारात आणली. 2005 पासून तर प्रोसेसरमध्येच तशी सोय होऊ लागली. टंचाईतून जन्मलेली कल्पना सुबत्तेतल्या उधळपट्टीमुळे परत आली, ही गंमत पाहा!

छापखान्याला सुटी होती. नरकचतुर्दशीच्या रात्री भाच्याने जुनी डिस्क कणाकणाने एका फाइलीत उतरवून घेतली. सकाळी नव्या यंत्रावर ते बिऱ्हाड सुरू केले, तो पडदा निळा! ते बिचारे जुन्या डिस्कचीच जोडणी शोधीत होते. नव्या जोडणीचा ड्रायव्हर घातला, आणि खतावणी उघडली. भाच्याने डोळे पुसले. मी खिडकीबाहेर पाहिले.

मागोमाग उरलेली दोन्ही बिऱ्हाडे आली. जुनी यंत्रे महिनाभर जपून, पण बंदच ठेवायची असे ठरले. एकाच नावाचे, एकाच पत्त्याचे दोघे जागे झाले, तर भांडण ठरलेले.

मी विचारले, "अरे, पण वाडाच कोसळला तर?"

भाचा हसला. लक्ष्मीपूजनाला ताईने पाटावर चोपडी मांडली. तिच्याशेजारी भाच्याने डबीएवढी एक डिस्क ठेवली. तिन्ही बिऱ्हाडांची ती नक्कल आता रोज रात्री त्याच्याबरोबर घरी येणार होती. ताईने काही न विचारता तिलाही हळदकुंकू वाहिले.