रस्ता सरकला तसा बाजार

आमच्या जुन्नर-आंबेगावची एक गंमत आहे. कचेरी एका गावात आणि बाजार भलत्याच गावात. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला, पण माल विकायचा तर मंचरला. जुन्नरचा माणूस सातबाऱ्याला जुन्नरला जाणार, टोमॅटोची क्रेटं घेऊन मात्र नारायणगावला. (खुद्द आंबेगाव हे गाव तर डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं.) असं का झालं? तर रस्ता सरकला म्हणून.

दोन हजार वर्षांपूर्वी इथला हमरस्ता कोकणातून वर यायचा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरात, आणि तिथून पैठणकडं. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं जुनी माणसं सांगतात. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले याच वाटेच्या राखणीला. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि दान देणाऱ्यांत यवनांचीही नावं आहेत. एवढं दान द्यायला पैसा कुठून आला, तर त्या वाटेवरून.

नाणेघाट बैलांच्या तांड्यांचा. मोटारीला तो काय चढता येणार! मोटारीचा रस्ता पुण्याहून नाशिककडं गेला. चाकण, खेड, अवसरीचा घाट, मंचर, घोडनदी ओलांडून कळंब, मीनेकाठचं नारायणगाव, मग आळेफाटा, पुढं संगमनेर, सिन्नर. जुन्नर आणि घोडेगाव दोन्ही दहा-पंधरा किलोमीटर आत राहिले.

नारायणगावचं नशीब असं उघडलं. चैत्रातल्या जत्रा जवळ आल्या की तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी एसटीतून उतरतात, दोन-चार राहुट्यांत भाव करतात आणि सुपारी देऊन परततात. विठाबाईंचं गाव हे, पण नुसत्या कलेवर एवढा बाजार भरत नाही, त्याला रस्ता लागतो.

आळेफाट्याचं तर विचारूच नका. आळे गाव ज्ञानोबांच्या रेड्याच्या समाधीचं, जुनं. फाटा म्हणजे नुसतं वळण. पण माळशेज घाटातून येणारा कल्याण-नगर रस्ता तिथं आडवा आला आणि फाटा गावापेक्षा मोठा झाला.

2010 साली महामार्गाचा 50 नंबर जाऊन 60 आला. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते चौपदरीकरणात. खेड, मंचर, कळंब, नारायणगाव, सगळ्यांना बाहेरून वळसा पडला. गावातली कोंडी सुटली हे खरं. रुग्णवाहिका तास-तास अडकायची, ती आता सुसाट जाते. पण गिऱ्हाईकही सुसाटच जातं. जुन्या रस्त्यावर मसाला दूध प्यायला थांबणाऱ्या गाड्या आता चाळकवाडीच्या टोलनाक्यालाच काय त्या थांबतात. तिकडं रांजण, इकडं फास्टॅग!

नव्या वळणाला ज्यांच्या द्राक्षबागा गेल्या, त्यांतल्या काहींनी उरलेल्या पट्टीत पत्र्याचं शेड टाकलंय. आत चहा, मिसळ. बाहेर पाटी: गाडी लावायला भरपूर जागा.